खोली मिळाली, काम गेले: शहरात हलवल्या गेलेल्या आप्तांविषयी वाचकांचे प्रश्न

शहरांतील झोपडपट्ट्या हटवल्यावर तेथील कुटुंबे कोठे जातात, या प्रश्नाला मागील अंकात थोडक्यात उत्तर दिले होते. त्यानंतर आलेली पत्रे जवळजवळ सगळी खेड्यांतून आली आहेत, आणि ते स्वाभाविकच आहे. वऱ्हाडातून आणि वैनगंगेच्या काठावरून कामासाठी गेलेली आपली माणसे नागपूर, पुणे, मुंबईच्या वस्त्यांत राहतात. तिथे त्यांचे बिऱ्हाड हलले की पहिला फोन गावाकडे येतो. पत्रांतील व्यक्तींची ओळख पटणार नाही अशा बेताने मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ कर्जापायी वावर गेल्यावर मुंबईला गेला. घाटकोपरच्या बाजूला झोपडीत राहून तो नाक्यावर मिस्त्रीकाम करायचा आणि वहिनी जवळच्या इमारतींत चार घरची धुणीभांडी करायची. रस्त्याच्या कामात झोपडी गेली आणि त्यांना मानखुर्दच्या बाजूला सातव्या मजल्यावर खोली मिळाली. पक्की खोली, घरात नळ, घरात संडास! आम्ही गावात पेढे वाटले. पण दोन वर्षांपासून तो आमच्याकडे तूर, गहू आणि पैसेही मागतो. वहिनीची कामे सुटली आहेत आणि त्यांच्या मुलीला आमच्याकडे ठेवून गेले आहेत. घरातील माणसे म्हणतात की फुकट घर मिळूनही हा रडतो म्हणजे उधळ्या झाला आहे. खरे काय समजायचे?
— एक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचा भाऊ उधळ्या झाला असे तुमच्या पत्रातील एकाही ओळीवरून दिसत नाही. जे दिसते ते असे, की त्याला घर मिळाले आणि त्याच दिवशी घरातील एक मिळकत बंद पडली व दुसरी अर्ध्यावर आली.

झोपडी आणि काम यांचे नाते गावाकडून नीट दिसत नाही. वहिनी ज्या इमारतींत काम करीत होत्या त्या झोपडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. धुणीभांड्याचे काम सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास असे तुकड्यांत असते. मधल्या वेळेत घरी येऊन चूल पेटवता येते, मुलीला शाळेत सोडता येते. तेच काम मानखुर्दहून करायचे झाले तर बस, लोकल आणि पुन्हा बस. दोन तासांच्या कामासाठी तेवढाच वेळ प्रवासात जातो आणि एका घरच्या पगारातून भाडे वजा केले की हातात फारसे उरत नाही. म्हणून अशा वसाहतींत आधी बायकांची कामे सुटतात. नाक्यावरच्या मिस्त्रीचेही तसेच आहे. सकाळी सातच्या सुमारास जो नाक्यावर उभा नसतो त्याला त्या दिवसाचे काम मिळत नाही, आणि मुकादम ज्याला चेहऱ्याने ओळखतो त्याला आधी हाक मारतो. नव्या ठिकाणच्या नाक्यावर ही ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

मिळकत घटली असतानाच खर्च मात्र वाढतात. सात मजली इमारतीत पाणी पंपाने चढते, लिफ्टला वीज लागते, जिन्यातले दिवे, टाकीची सफाई, सांडपाणी या सगळ्याचे पैसे रहिवाशांच्या सोसायटीला भरावे लागतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत दर सदनिकेमागे २०,००० रुपये देखभालीसाठी ठेव म्हणून ठेवण्याची तरतूद बराच काळ होती. त्यावर सात टक्के व्याज धरले तरी वर्षाला १,४०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्याही आत. एवढ्यात लिफ्ट चालत नाही. मग लिफ्ट बंद पडते, पाण्याचा पंप बिघडतो आणि सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला घर म्हणजे कोंडवाडा वाटू लागतो. मानखुर्द-गोवंडी भागातील काही पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधील अंतर जेमतेम तीन मीटर ठेवले गेले; खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही आणि हवा खेळत नाही. या वसाहतींचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी तेथील क्षयरोगाचा संबंध या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांशी असल्याचे दाखवून दिले आहे. तुमच्या भावाच्या घरी कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होते. ती करून घ्यायला जरूर सांगा.

तिसरा तोटा कोणत्याच कागदावर नोंदला जात नाही. जुन्या वस्तीत किराणा दुकानदार महिनाभर उधार देत होता, शेजारीण मूल सांभाळत होती, आजारपणात भिशीतून पैसे उचलता येत होते. वस्ती हलवताना कुटुंबांना वेगवेगळ्या इमारतींत चिठ्ठ्या काढून टाकले की हे सगळे तुटते. मुलीला तुमच्याकडे ठेवण्याचे कारणही बहुधा यातच आहे, कारण आई कामाच्या शोधात बाहेर असताना अनोळखी जिन्यांच्या इमारतीत मोठ्या होत चाललेल्या मुलीला एकटे ठेवायला कोणती आई धजावेल?

हे फक्त तुमच्या भावाच्या बाबतीत घडले असे नाही. मुंबईतील रेल्वे आणि रस्ते यांच्या विस्ताराचा एक मोठा प्रकल्प २००२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झाला आणि त्यात लाखाच्या आसपास माणसे हलवली गेली. रुळांच्या कडेला जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना २२५ चौरस फुटांच्या पक्क्या खोल्या मिळाल्या, हे त्या प्रकल्पाचे श्रेय आहे आणि ते मी नाकारणार नाही; रात्री रेल्वेखाली मूल सापडेल ही भीती ज्यांची गेली त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. पण त्याच प्रकल्पातील दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचा पैसा काही महिने थांबवला. धोरणात घराबरोबर उपजीविकेचाही विचार लिहिलेला होता. अंमलबजावणीत खोल्यांची मोजणी झाली, उपजीविकेची झाली नाही.

माहुलचे उदाहरण याहून कठोर आहे. चेंबूरजवळच्या या भागात तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून पुनर्वसनाच्या ७२ इमारती उभ्या राहिल्या आणि तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्यांतील कुटुंबांना २०१७ पासून तिकडे पाठवण्यात आले, जरी राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच तेथील हवा आरोग्यास घातक असल्याचे म्हटले होते. रहिवाशांनी दीर्घ आंदोलन केले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुटुंबांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही अशी भूमिका घेऊन, दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. पक्के घर मिळूनही माणसे ते सोडायला निघतात तेव्हा त्यांना कृतघ्न म्हणण्याआधी हा इतिहास पाहावा, एवढीच विनंती तुमच्या घरातील मंडळींना करा.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. मुलीचे नाव गावच्या शाळेत घातले नसेल तर लगेच घाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि मुंबईच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. भावाची शिधापत्रिका अजून घाटकोपरच्या जुन्या दुकानाला जोडलेली आहे म्हणून त्याचे धान्य बुडत असेल, तर आधार जोडलेल्या शिधापत्रिकेवर कोणत्याही रास्त भाव दुकानातून अंगठा लावून धान्य मिळू शकते, हे त्याला कळवा. अनेकांना हे माहीत नसते आणि गावाकडचा गहू एसटीने आणि रेल्वेने मुंबईला जात राहतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकते ते हेच. शहराने केलेल्या पुनर्वसनाच्या हिशेबात यवतमाळच्या कोरडवाहू घरातून दरमहा जाणारी तूर, गहू आणि एका मुलीचे पालनपोषण कोठेच लिहिलेले नसते. हा भार तुम्ही उचलत आहात. तो भावाचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

प्रश्न : सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याला पर्यायी घर का द्यावे? आम्ही आयुष्यभर नोकरी करून कर्जाने घर बांधले. नियम पाळणाऱ्यांवर हा अन्याय नाही का?
— निवृत्त शिक्षक, चिखली तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो अनेकांच्या मनात असतो. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने मुंबईच्या पदपथांवरील झोपड्यांविषयीच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल देताना याच प्रश्नाचा विचार केला होता. पदपथावर राहणारी माणसे तिथे हौसेने राहत नाहीत, काम जवळ असते म्हणून राहतात. त्यांना तिथून काढणे म्हणजे त्यांचे काम काढून घेणे, आणि उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पदपथावर कायमचे राहण्याचा हक्क त्याने मान्य केला नाही. नोटीस द्या, ऐकून घ्या, १९७६ च्या झोपडीगणनेत ज्यांना ओळखपत्रे दिली त्यांना पर्यायी जागा द्या आणि पावसाळा संपेपर्यंत थांबा, असा तो मध्यममार्ग होता.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. महाराष्ट्रात सरसकट कोणालाही घर मिळत नाही. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असल्याचा पुरावा असेल तर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर सशुल्क. २०२३ मध्ये शासनाने ही किंमत अडीच लाख रुपये ठरवली. १ जानेवारी २०११ नंतर आलेल्यांना सहसा काहीच नाही. मुंबईत झोपडीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबालाही सहसा अपात्र ठरवतात, मग ते किती का वर्षे तिथे राहत असेना. आपल्या भागातील कापूस आणि सोयाबीनचे दिवस ज्या वर्षांत फार वाईट गेले, त्याच वर्षांत निघालेली कितीतरी कुटुंबे या तारखांच्या पलीकडे पडतात. आपण कर्ज काढून घर बांधू शकलात कारण आपल्याला मासिक वेतन होते आणि बँकेने आपल्याला दारात उभे केले. नाक्यावरच्या मजुराला ती बँक उभे करीत नाही, आणि त्याला परवडेल असे भाड्याचे घर शहर बांधत नाही. तरीही त्या शहराला त्याचे श्रम रोज सकाळी हवे असतात. मला अन्याय दिसतो तो इथे.

प्रश्न : आम्ही वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे प्रकल्पग्रस्त आहोत. आमच्या नव्या गावठाणात १८ नागरी सुविधा द्याव्यात असा नियम आहे. त्यासाठी आम्ही अजून भांडतो. माझ्या मुलाची सासुरवाडी नागपूरच्या एका झोपडपट्टीत आहे आणि ती वस्ती हटणार असे ऐकू येते. आमचे नियम त्यांना लागू होतात का? त्यांनी आधी काय करावे?
— एक शेतकरी, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, दुर्दैवाने नाही. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या तुमच्या प्रकल्पात सरकारने जमीन संपादित केली. म्हणून मोबदला, गावठाण आणि १८ सुविधा यांचा प्रश्न कायद्याने उभा राहिला. झोपडपट्टी बहुधा सरकारी, महापालिकेच्या किंवा रेल्वेच्या जमिनीवर असते. सरकार स्वतःचीच जमीन संपादित करीत नाही. त्यामुळे २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी बाधित कुटुंबाला किमान ५० चौरस मीटरचे घर लिहिलेले असले तरी झोपडीधारकापर्यंत ते पोहोचत नाही. त्याच्यासाठी मुख्य आधार आहे तो १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाचा.

म्हणून व्याह्यांनी पहिल्यांदा दोन गोष्टी शोधाव्यात. त्यांची वस्ती घोषित झोपडपट्टी आहे की अघोषित, आणि खालची जमीन कोणाची आहे: नझूल (म्हणजे सरकारी), महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, रेल्वे की खासगी. नागपुरात गेल्या काही वर्षांत झोपडीधारकांना मालकी पट्टे दिले गेले आहेत, पण ते जमीन कोणाची यावर अवलंबून असते. रेल्वेच्या जमिनीवर राज्य सरकार पट्टा देऊ शकत नाही. पट्टा मिळण्यासारखी जागा असेल तर हलण्यापेक्षा पट्ट्याचा अर्ज लावून धरावा. कामाजवळ राहता येणे हे कोणत्याही दूरच्या सदनिकेपेक्षा मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद जमवायला आजच सुरुवात करावी. जुन्या मतदार यादीतील नावाची नक्कल, वीजबिल, शिधापत्रिका, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरील पत्ता, मिळालेली असेल ती सर्वेक्षणाची पावती. पूर, आग किंवा पाडापाडी यांत हे कागद सर्वांत आधी जातात, म्हणून एक संच तुमच्याकडे पवनीला ठेवावा. सर्वेक्षण होईल त्या दिवशी घरातील मोठे माणूस हजर असलेच पाहिजे. विटभट्टीवर किंवा लग्नाला गेल्यामुळे घराला कुलूप दिसले आणि नाव सुटले, ही तक्रार फार जुनी आहे. पात्रतेची यादी लागली की हरकतीची मुदत असते. ती चुकवू नये.

तुमच्या अनुभवाचा त्यांना मोठा उपयोग आहे, आणि तो तुम्ही जाऊन सांगावा. जुने गाव सोडण्यापूर्वी जे मागता येते ते गाव सोडल्यावर मिळवायला किती वर्षे लागतात, हे वैनगंगेकाठच्या माणसाइतके कोणाला ठाऊक असेल? नागपूरच्या वस्तीनेही सदनिकेचे क्षेत्रफळ विचारून थांबू नये. शाळा किती अंतरावर, बस किती वाजता सुटते, दवाखाना कोठे, पाणी कोणत्या वेळी येते, देखभालीचा खर्च महिना किती आणि तो कोण भरणार, शेजारीपाजारी एकाच जिन्यात राहतील का, हे सारे लेखी विचारावे. वस्तीत हातगाडीवर भाजी किंवा चहा विकणारे असतील तर त्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे वेगळे संरक्षण आहे. त्यांना तीस दिवसांची नोटीस दिल्याशिवाय विक्रीच्या जागेवरून हटवता येत नाही. घर हलले तरी धंद्याची जागा टिकवण्याचा प्रयत्न स्वतंत्रपणे करता येतो.

प्रश्न : माझ्या बहिणीला नवऱ्याने सोडले आहे. पुण्यातील पुनर्वसनाची सदनिका त्याच्या नावावर होईल म्हणून ती घाबरली आहे.
— एक वाचक, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका पती आणि पत्नी यांच्या संयुक्त नावाने देण्याची तरतूद आहे, आणि पंतप्रधान आवास योजनेतही घर स्त्रीच्या किंवा संयुक्त नावावर असावे लागते. बहिणीने वाटप होण्यापूर्वीच सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि झोपडीत प्रत्यक्ष आपण व मुले राहतो याचे पुरावे जोडावेत. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ताबा मिळेपर्यंत तिने झोपडी सोडून माहेरी येऊ नये, ही सूचना कठोर वाटली तरी मी करते.

प्रश्न : माझे काका मुंबईत मिळालेली खोली विकून गावी परत यायचे म्हणतात. एक दलाल मुखत्यारपत्रावर व्यवहार करायला तयार आहे. काकांनी ती विकावी का? इथे आल्यावर त्यांना घरकुल मिळेल का?
— एक विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : तुझ्या काकांना सध्या थांबायला सांग. पुनर्वसनात मिळालेली सदनिका कायद्याने ठरवलेली वर्षे पूर्ण होईपर्यंत विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती घरातल्यांकडे जाऊ शकते. मुखत्यारपत्रावरचा व्यवहार ही बंदी चुकवण्यासाठी असतो. त्यात किंमत पडून मिळते, कागदोपत्री खोली काकांच्याच नावावर राहते, आणि तपासणीत घेणारा सापडला तर सदनिका काढून घेतली जाऊ शकते. शिवाय एकदा लाभ घेतलेल्या कुटुंबाला पुन्हा अशी सदनिका मिळत नाही. उद्या गावी जमले नाही आणि परत जावे लागले, तर त्यांना पहिल्यापासून झोपडीत राहावे लागेल.

घरकुलाचेही तसेच आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही ज्यांच्याकडे पक्के घर नाही अशा कुटुंबांसाठी आहे. मुंबईची खोली नावावर असताना किंवा ती मुखत्यारपत्रावर दिलेली असताना काकांनी अर्ज केला तर तो फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि खोटे शपथपत्र दिले तर त्रास वेगळाच.

काका का परत येऊ पाहतात हे तू लिहिलेले नाहीस. काम मिळत नाही म्हणून असेल तर वर्षभर त्यांनी एकट्याने येऊन पाहावे आणि खोलीत काकू किंवा मुलांपैकी कोणीतरी राहावे. ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात धानाची रोवणी आणि कापणी सोडली तर बाकीच्या महिन्यांत हाताला किती काम मिळते, हे त्यांना इथे राहिल्याशिवाय समजणार नाही. रोजगार हमीसाठी ग्रामपंचायतीत नाव नोंदवून जॉबकार्ड घेता येईल. आजोबांचे घर किंवा गावठाणातील मोकळी जागा असेल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घर-जागेच्या नोंदीचा, उतारा काढून त्यावर काकांचे नाव वारस म्हणून लागले आहे का, हे आधी तपासून घे. परतणाऱ्या माणसाचे भांडण बहुतेक वेळा याच उताऱ्यावरून आपल्याच भावांशी होते, आणि ते काका मुंबईत असतानाच मिटवता आले तर बरे.